हसऱ्या आवाजाचा भाद्रपद

नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की पुण्यात बहुतेकांना गणपतीचे वेध लागतात. मला दिवाळी आठवते, आणि ती काही आनंदाने आठवत नाही. गाल दुखायला लागतात. यंदाही परवा संध्याकाळी मी खिडकीत उभी होते, पुलाच्या बाजूने ढोल ऐकू आला आणि माझे ओठ आपोआप दोन्हीकडे ताणले गेले. लेक सोफ्यावरून म्हणाली, "काय गं आई, कोणाकडे बघून हसतेयस?" कोणाकडेच नाही. ती एका जुन्या कामाची राहिलेली सवय आहे.

केबल नुकती घरोघरी शिरत होती त्या काळात मी जाहिरातींना आवाज द्यायचे. शनिवार पेठेत एका इमारतीच्या तळघरात कानिटकरांचा स्टुडिओ होता. दिवाळीच्या जाहिराती दिवाळीत करून चालत नाही, त्या भाद्रपदात तयार व्हाव्या लागतात. म्हणजे बाहेर आरत्या आणि आत अभ्यंगस्नान. पितृपक्ष लागायच्या आत आम्ही उटणं, फराळ, पाडवा, भाऊबीज सगळं उरकून मोकळे झालेले असायचो. घरी खरी दिवाळी यायची तेव्हा मला तिचा वीट आलेला असायचा, आणि सासरची माणसं म्हणायची, हिला सणाचा उत्साह म्हणून नाही.

संध्याकाळी ढोल सुरू झाले की ध्वनिमुद्रण शक्यच नसायचं, म्हणून आमचं काम भर दुपारी चाले. जिथे उभं राहून बोलायचं त्या खोलीला आम्ही पेटी म्हणायचो. दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा, भिंतींना ठोकलेला तांबडा गालिचा, त्या गालिच्याचा पावसाळी कुबट वास. समोर जाड काच आणि काचेपलीकडे कानिटकर, त्यांची यंत्रं आणि त्यांचा पंखा. पंखा पेटीतही होता, पण लाल दिवा लागला की तो बंद करावा लागे, कारण त्याची घरघर माइकला ऐकू जायची. दाराला आतून मूठ नव्हती. मुद्रण चालू असताना कोणी दार उघडू नये म्हणून तशी सोय आहे, असं कानिटकर सांगत. मला ते कधी पटलं नाही आणि मी ते कधी बोललेही नाही. पाठीवरून घाम ओघळत असायचा आणि मी म्हणत असायचे, "अगंबाई, पहाटेची थंडी काय छान पडलीये."

जाहिरातीत बाई विचारते आणि पुरुष सांगतो. हा नियम कुठे टांगलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. "इतक्या खुसखुशीत चकल्या? कशा काय बाई?" हे वाक्य माझं. मग श्वासभर थांबायचं, आणि शेजारी उभे असलेले मुनीरभाई छातीतून आवाज काढून जगाला सांगायचे की त्या कशामुळे खुसखुशीत झाल्या. भाजणी माझी, तळणी माझी, आणि चकली खुसखुशीत का झाली हे मला एकटीलाच ठाऊक नाही. तूप, साबण, मसाला, आयुष्याचा विमा, कशाबद्दलच मला काही माहीत नसे. मी फक्त चकित व्हायचे. कधी चकित, कधी काळजीत, कधी लाजून. मुनीरभाईंना चकित व्हायची मुभा नव्हती. त्यांना सगळं आधीच माहीत असायचं, बिचाऱ्यांना.

आणि हसायचं. ओठ ताणून बोललं की हसू आवाजात उतरतं, डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही ते कळतं. पहिल्याच दिवशी मी माझ्या पद्धतीने वाक्य म्हटलं तेव्हा कानिटकरांनी काचेपलीकडून विचारलं होतं, "मंगलताई, आपण तूप विकतोय. हा आवाज काय पोलीस चौकीत लावायचाय?" त्यांचं बोलणं असंच असायचं. माणूस वाईट नव्हता. त्यांनीच मला आवाज टाळूला चिकटवून पातळ कसा करायचा ते शिकवलं, आणि वाक्याच्या शेवटी तो किंचित वर कसा न्यायचा तेही. असा शेवट केला की सांगितलेली गोष्टसुद्धा विचारल्यासारखी वाटते.

माझा मूळचा आवाज जाड आहे. तो तांबट आळीतला आहे. कसबा पेठेत आमच्या घरी तांब्याची भांडी घडवायचं काम चाले, दिवसभर आळीत हातोडे पडत. तिथे बोलण्याची एक रीत होती. ठोका पडताना गप्प राहायचं आणि हातोडा वर उचलला गेला की तेवढ्या फटीत बोलून घ्यायचं. त्या फटीत बसणारा शब्द आखूड हवा आणि वजनदार हवा. लाडिक, लांबवलेलं बोलणं तिथे कोणाच्या कानापर्यंत पोचतच नसे. त्यामुळे आई, काकू, आम्ही बहिणी, सगळ्याच पोटातून बोलायचो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दर वर्षी राजाचं काम मिळायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मुनीरभाई इनामदारांचं नेमकं उलट होतं. ते मोमीनपुऱ्यात राहायचे, बँकेत नोकरी करायचे आणि दुपारच्या सुट्टीत सायकल मारत स्टुडिओत यायचे. त्यांचा खरा आवाज इतका कोवळा होता की फोनवर लोक त्यांना "हो ताई" म्हणत. पेटीत शिरण्याआधी ते गरम पाणी प्यायचे, हनुवटी छातीला टेकवायचे आणि कुठून तरी तो भारदस्त गृहस्थ बाहेर काढायचे. वाक्य संपलं की खोकायचे. त्यांची बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे मुलीची वेणी आणि डबा दोन्ही त्यांच्याकडे असे. मुलांच्या डब्याच्या एका जाहिरातीच्या वेळी ते कानिटकरांना म्हणाले, "साहेब, हे वाक्य मी म्हणू का? आमच्याकडे डबा मीच भरतो."

कानिटकरांनी कागदावरून मान वर न काढता सांगितलं, "भरा की. जगाला कशाला सांगता?"

मुनीरभाई हसले. नंतर पंखा सुरू झाल्यावर रुमालाने मान पुसत मला म्हणाले, "ताई, अल्लानं तुमचा आवाज मला आणि माझा तुम्हाला दिला असता, तर दोघांची घुसमट वाचली असती." मी म्हटलं, "मग पेटीबाहेर काय केलं असतं?" ते म्हणाले, "हो, तेही आहेच."

पेटीबाहेरचीच तर पंचाईत होती. पातळ आवाज सुरुवातीला मी कामापुरता वापरायचे आणि पायऱ्या चढून वर आले की सोडून द्यायचे. मग तो फोनवर यायला लागला. मग वाण्याकडे. एकदा मंडईत मी कोथिंबिरीची जुडी मागितली तर भाजीवाली म्हणाली, "जोरात बोला की ताई, काय पायजे?" मी पुन्हा मागितली आणि माझ्याच कानांनी ऐकलं की मी हसून, शेवट वर नेऊन मागतेय, जणू कोथिंबीर मिळणं ही माझ्यावर कोणाची तरी मेहेरबानी आहे. त्या गाळ्यांवर बसलेल्या बायका एकमेकींना भरभक्कम आवाजात शिव्या घालत होत्या, आणि मला त्यांचा इतका हेवा वाटला की पिशवी भरायची राहून गेली. घरी मात्र कौतुक होत होतं. माझे यजमान अरविंद सज्जन माणूस. ते म्हणाले, "हल्ली तू किती छान बोलतेस." हल्ली म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

एका भाद्रपदात मुनीरभाईंचा घसा बसला. इतकी वर्षं ओढून ताणून काढलेला तो गृहस्थ एका दुपारी आलाच नाही, नुसती हवा आली. नेमकी मांजरी गावच्या आबासाहेबांची पंपाची जाहिरात तेव्हाच होती. आबासाहेब उसाचे मोठे बागायतदार, पंपांची एजन्सीही त्यांची, आणि दिवाळीआधी टीव्हीवर झळकायचं म्हणून नमुना ऐकायला ते त्याच दिवशी येणार होते. मुनीरभाई बाकावर बसून आल्याचा चहा घेत होते. ते घोगऱ्या कुजबुजीत म्हणाले, "ताई वाचतील."

कानिटकरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वाचा," ते म्हणाले. "नमुना म्हणून. आणि हसू नका."

हसू नका, असं मला त्या तळघरात पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. लाल दिवा लागला. मी ओठ सैल सोडले, पाय जमिनीवर नीट रोवले आणि म्हटलं, "जमीन तुमची, घाम तुमचा. पाण्याचं आम्ही बघतो." आवाज पोटातून आला, वाक्याच्या शेवटी खाली बसला आणि तिथेच थांबला. कोणाला विचारायला वर गेला नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माइकसमोर एखादी गोष्ट सांगितली होती, विचारली नव्हती.

तेवढ्यात वर जीप थांबल्याचा आवाज आला. आबासाहेब वेळेआधीच पोचले होते. कानिटकरांनी काचेपलीकडून ओठांवर बोट ठेवलं, तळहाताने मला जागच्या जागी थांबा अशी खूण केली आणि पेटीतला दिवा मालवला. माझ्या कानांवर हेडफोन होते आणि त्यांच्या बाजूचा माइक बंद करायला ते विसरले होते. त्यामुळे अंधारात उभी राहून मी सगळं ऐकलं.

"लई दमदार हाय," टेप ऐकून आबासाहेब म्हणाले. "असा आवाज आला की माणसाचा इस्वास बसतो. कोण हायेत हे?"

"आहेत आमच्याकडचेच एक," कानिटकर म्हणाले. "फार कमी बोलतात."

"त्येच बरं. गड्यानं कमीच बोलावं. आता ह्योच आवाज ठेवा, सगळ्या फिल्मला. आन् एक बाईचा बी घ्या. पाणी आलं म्हणून वरडायला. गोड बघा जरा."

"आहे, तीही आहे," कानिटकर म्हणाले.

उजेड त्यांच्या बाजूला होता, त्यामुळे काचेत आबासाहेबांना फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसत असणार. मिशांवरून हात फिरवत ते थेट माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर घामाने निथळत उभी होते. काच वाजवावीशी वाटली. हात वर गेलाही. मग मनात आलं, वाजवली तर हा माणूस आपले शब्द मागे घेईल, आणि माझा आवाज पुन्हा पोलीस चौकीतला होईल. नाही वाजवली तर आवाज राहील, फक्त तो माझा नसेल. मला यातलं एकही नको होतं. पलीकडच्या बाकावरून मुनीरभाई उठून उभे राहिले. त्यांनी काचेकडे बोट केलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या घशातून शब्द निघेना. आबासाहेबांनी आपुलकीने कानिटकरांना विचारलं, "ह्यांना काय झालंय? घसा धरलाय जनू." आणि चहाचा कप खाली ठेवून ते उसाच्या भावाबद्दल बोलायला लागले. ते बोलणं चांगलं लांबलं.

दार उघडलं तेव्हा मी कानिटकरांना म्हटलं, "तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगतो की. आत्ता धावत जाऊन सांगतो. उद्या पंप दुसऱ्या स्टुडिओत, आणि तुम्ही परत चकल्यांवर." ते तारा गुंडाळत होते. "जाहिरातीत नाव कोणाचंच येत नाही, ताई. मग त्रास कसला?"

त्रास कसला ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगता येतं. मला नाव नको होतं. एवढंच हवं होतं की तो आवाज ऐकून कोणीतरी, एका तरी माणसाने, म्हणावं, ही मंगल.

फिल्म मांजरीच्या उसाच्या मळ्यात झाली. विहिरीच्या कडेला एक पांढऱ्या फेट्याचा धिप्पाड माणूस उभा, त्याच्या मिशा हलल्या की मी बोलायचं. मागून डोक्यावर पाटी घेऊन एक बाई धावत येते, पदर सावरते आणि ओरडते, "अहो, पाणी आलं!" ते ओरडणंही मीच केलं, टाळूला चिकटवून, ओठ ताणून. म्हणजे नवरा मी, बायकोही मीच, आणि मधे ऊस. पाणी आपल्या विहिरीचं, आलंय हे डोळ्यांनी दिसतंय, तरी त्या बाईचं भान हरपायला हवं होतं. मी आबासाहेबांचं म्हणणं तंतोतंत पाळलं. मुनीरभाईंचा घसा महिन्याभराने बरा झाला, पण पंपाच्या जाहिराती काही त्यांच्याकडे परत आल्या नाहीत. त्यांना त्याचं दुःख झालेलं मी पाहिलं नाही. उलट त्यांच्या घशापायी खोळंबलेल्या चकल्यांच्या जाहिरातीआधी गरम पाण्याचा पेला माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "घ्या, तुम्हालाही लागेल आता."

जाहिरात पहिल्यांदा घरी लागली तेव्हा मी अरविंदना आतून बोलावून आणलं. त्यांनी मन लावून पाहिली. "छान झालीये," ते म्हणाले. "तुझा आवाज लगेच ओळखला मी." मी त्यांच्याकडे वळले. "ती पाटीवाली ना?" मी म्हटलं, तो फेटेवालाही मीच आहे. ते मनापासून हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले आणि म्हणाले, "असेल गं. पण बायकांचा आवाज असा असतो का?" त्यांना मला दुखवायचं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर टीव्हीवर जे ऐकलं होतं तेच खरं मानलं, आणि त्यातलं निम्मं मीच म्हटलेलं होतं.

आता ते तळघर नाही. तिथे मोबाइलच्या काचा बदलून देणारं दुकान आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक बाई दर मजल्यावर हसून सांगते की दार उघडत आहे. गाडीतली बाई डावीकडे वळायला सांगते, तिचं न ऐकता माणसं उजवीकडे जातात आणि वर तिच्यावरच खेकसतात. ती कधीच उलटून बोलत नाही. माझी लेक अशाच बायका तयार करणाऱ्या कंपनीत आहे. परवा जेवताना सांगत होती, "आमच्या ॲपला फीमेल व्हॉइसच फायनल झाला. वॉर्म आणि हेल्पफुल. युझरला कम्फर्टेबल वाटतं."

"आणि पैशांबद्दल काही विचारलं तर?"

"त्याला मेल ठेवलाय. ट्रस्टसाठी." मग माझं तोंड बघून ती म्हणाली, "आई, आम्ही ठरवत नाही गं. टेस्टिंगमध्ये लोकच सांगतात तसं."

लोकच सांगतात. खरं आहे. आबासाहेबांनीही दुसरं काय केलं होतं? बाहेर ढोल चालले होते, घरातला पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि तरी मला ती कुबट गालिच्याची खोली आठवत होती. लेकीला काही सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "अजून आमटी वाढू?" हसून.

पंपाची जाहिरात टीव्हीवर होती त्याच आश्विनात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, डोळ्यावर पट्टी बांधून दिवसेंदिवस पडून राहावं लागे, आणि आईचा दुसरा डोळाही धूसरच होता. दिवाळीच्या कामाच्या रेट्यात मला बरेच दिवस कसबा पेठेत जायला जमलं नव्हतं. एके दिवशी स्टुडिओतून थेट गेले. यंदा मागे राहिलेली भाऊबीज दिवसभर केली होती, गाल ठणकत होते. आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. तिला सोबत म्हणून भावजयीने टीव्ही लावून ठेवला होता आणि ती खाली गिरणीवर गेली होती. आईला बघायला आळीतली माणसं दिवसभर येऊन जात होती, त्यामुळे दार उघडंच होतं.

मी जवळ जाऊन विचारलं, "कशी आहेस गं? फार दुखतंय का?"

"बरी आहे," आई म्हणाली. "या, बसा ना." तिने पलंगावर हाताने चाचपून मला जागा करून दिली. मला वाटलं, इतके दिवस न आल्याबद्दल टोमणा मारतेय. तशी ती मारायची. मी बसले आणि उत्तर जुळवायला लागले. तेवढ्यात टीव्हीवर ती जाहिरात लागली. जमीन तुमची, घाम तुमचा. पाण्याचं आम्ही बघतो.

आईने पट्टी बांधलेला चेहरा एकदम वळवला. टीव्ही दाराच्या बाजूलाच होता. तिचा सगळा चेहरा उजळला. "मंगल आली," ती म्हणाली. मागोमाग ती बाई ओरडली, पाणी आलं. तिच्याकडे आईने लक्षही दिलं नाही.

मी आईचा हात धरला. "आई, मी इथे आहे. ही बघ." शब्द टाळूला चिकटूनच बाहेर आले, शेवट वर गेला. मी घसा साफ केला, ओठ सैल सोडायचा प्रयत्न केला, पुन्हा म्हटलं. पुन्हा तोच आवाज.

आईने माझ्या हातावर थोपटलं, पाहुण्यांच्या हातावर थोपटतात तसं. "बसा हो तुम्ही," ती म्हणाली, कान दाराकडे लावून. "चपला काढत असेल. येईलच आता आत."